एल्डन रिंग: ही लढाई बोटांची की आधी केलेल्या तयारीची?

दख्खनी_वाटसरू

फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा 'एल्डन रिंग' हा भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम 25 फेब्रुवारी 2022 रोजी बाजारात आला, त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला, आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल एक ठरावीक मत सतत ऐकू येते: ज्यांची बोटे चपळ आहेत त्यांनीच या वाटेला जावे. चाळिशी ओलांडलेल्या अनेक जाणत्या मंडळींनी हा खेळ विकत घेऊनही एवढ्या एका धास्तीने पहिल्याच माळरानावर सोडून दिलेला मी पाहिला आहे. मला हे मत पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

भूमिकाप्रधान खेळांची मुळे फाशांच्या खेळात आहेत. वार लागला की चुकला हे तिथे पात्राचे गुण आणि फाशांचे दान मिळून ठरवतात. खेळणाऱ्याच्या मनगटाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. 1987 साली अटारी एसटीवर आलेल्या 'डन्जन मास्टर'ने घड्याळ चालू ठेवले, म्हणजे तुम्ही विचार करत बसलात तरी राक्षस आपला चालत येतच राहिला. 'डियाब्लो' तर आधी पाळीपाळीने खेळायचा खेळ म्हणून घडत होता. त्याचे एक कर्ते डेव्हिड ब्रेविक यांचा बदलाला विरोध होता, परंतु सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर त्यांनी एका दुपारी काही तासांत तो धावत्या वेळेत चालवून पाहिला आणि स्वतःच त्याच्या प्रेमात पडले. घड्याळ असे एकदा चालू झाले की लढते कोण, पात्र की खेळाडू, हा प्रश्न टाळता येत नाही.

2002 च्या 'मॉरोविंड'ने या प्रश्नाला मोठे विचित्र उत्तर दिले. आपण स्वतः तलवार चालवतो, ती समोरच्या उंदराच्या अंगातून आरपार गेलेली डोळ्यांना दिसते, आणि तरीही वार फुकट जातो, कारण पडद्याआड फासे पडतच असतात. फ्रॉमसॉफ्टवेअरच्याच 'डार्क सोल्स 2'मध्ये (2014) याच्या उलट टोकाचा प्रयोग झाला. तिथे रोल मारताना (कोलांटी घेऊन वार चुकवताना) शत्रूचा वार न लागण्याचा जो काळ असतो, तोच पात्राच्या एका गुणावर अवलंबून ठेवला होता. लेव्हल वाढवली नाही तर योग्य वेळी रोल मारूनही मार बसत असे. लोक वैतागले, आणि पुढच्या भागात ती व्यवस्था काढून टाकण्यात आली.

'एल्डन रिंग' या दोहोंच्या मधून वाट काढतो, आणि ती वाट मला फार विचारपूर्वक आखलेली वाटते. यात पात्राचे आठ गुण आहेत. त्यांपैकी एकही तुमचे बोट लवकर हलवत नाही. मात्र चूक झाल्यावर तुमचे काय होईल, हे जवळजवळ सर्वस्वी त्या गुणांवर आणि अंगावरच्या सामानावर ठरते. पेलता येईल त्या वजनाच्या 30 टक्क्यांच्या आत ओझे असेल तर रोल लांब पडतो, 70 टक्क्यांच्या आत असेल तर मध्यम पडतो, आणि त्यापुढे गेले की पात्र पोत्यासारखे आदळते व उठायला वेळ लावते. आपल्या हाताच्या गतीला दोष देणाऱ्या कित्येकांचे ओझे प्रत्यक्षात 70 च्या किंचित वर असते. हातातली ढाल उतरवली किंवा शिरस्त्राण काढले की तोच माणूस त्याच बोटांनी वाचू लागतो. स्टॅमिनाचेही, म्हणजे पात्राच्या दमाचेही तसेच. त्याच्या पट्टीत थोडाही अंश शिल्लक असला तरी पुढची हालचाल करता येते, म्हणून पट्टी किती मोठी आहे यापेक्षा ती पूर्ण रिकामी होऊ न देण्याचा हिशेब महत्त्वाचा ठरतो, आणि हा हिशेब डोक्याचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की ज्याला आपण चपळाई म्हणतो, तिचा मोठा हिस्सा लढाई सुरू होण्यापूर्वीच ठरलेला असतो. आपले अनुभव, विशेषतः याच्या विरोधात जाणारे, अवश्य मांडावेत.


घाटमाथा

धागा उत्तम आहे, परंतु आपल्या मांडणीत मार्गिट कुठे बसतो ते समजले नाही. स्टॉर्मव्हील किल्ल्याच्या वाटेवर उभा असलेला हा पहिला मोठा बॉस (बलाढ्य शत्रू) नवख्यांच्या नाकी नऊ आणतो. तो काठी डोक्यावर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. काठी वर गेलेली दिसताच आपले बोट आपसूक बटणावर जाते, आपण रोल मारतो, आणि नेमके उठून उभे राहत असताना ती काठी डोक्यात बसते. ओझे 30 टक्के असो वा 60, ही फजिती चुकत नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. रोल मारणे आणि धावणे या दोन्ही गोष्टी एकाच बटणावर आहेत. बटण दाबून धरले तर पात्र धावते, त्यामुळे तुम्ही ते सोडेपर्यंत तुम्हाला रोल हवा आहे हे खेळाला कळतच नाही. परिणामी रोल बटण दाबल्यावर सुरू न होता ते सोडल्यावर सुरू होतो. घाबरलेला माणूस बटण घट्ट दाबतो आणि दाबूनच ठेवतो. म्हणजे ज्या क्षणी घाई हवी त्याच क्षणी त्याचा रोल सर्वांत उशिरा निघतो. हे सगळे हातांचेच काम आहे, तयारीचे नव्हे.


दख्खनी_वाटसरू

घाटमाथा साहेब, बटणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. परंतु मार्गिट मला माझ्या बाजूचा साक्षीदार वाटतो. त्याने काठी उचलून धरणे हा चपळ बोटांसाठीच लावलेला सापळा आहे. जो लवकर हलतो तो मरतो. हाताने सावकाश असलेल्या माणसाने काठीकडे न पाहता त्याच्या खांद्याकडे पाहिले आणि खांदा खाली येऊ लागल्यावर रोल मारला, तर तो वाचतो. ही गती नसून वाचन आहे, आणि वाचन सरावाने येते.

शिवाय मार्गिटसमोर लगेच जायलाच हवे अशी सक्ती कुणी केलेली नाही. मर्कवॉटर गुहेतल्या पॅचेस या विक्रेत्याकडे 5000 रून्स (खेळातले चलन) दिले की मार्गिटला काही क्षण जमिनीला जखडणारी बेडी मिळते. दक्षिणेकडचा सगळा मुलूख मोकळा पडलेला आहे. खेळाने रस्ता दाखवणारी सोनेरी रेघ किल्ल्याकडे नेली म्हणून आपण मुकाट्याने तिच्यामागे गेलो, तर त्याचा दोष बोटांवर कशाला?


वारणाकाठ

माझ्या उजव्या मनगटाला जुने दुखणे आहे, त्यामुळे पटापट रोल मारणे मला शक्यच नव्हते, आणि तरीही मी हा खेळ शेवटापर्यंत खेळले. म्हणून थोडे तपशिलात लिहिते.

रोल हा बचावाचा एकमेव मार्ग आहे हा समज व्हिडिओ पाहून पसरला आहे, कारण रोल मारणारा खेळाडू पाहायला छान वाटतो. ढालीमागे उभी असलेली बाई पाहण्यात कुणाला रस असणार! परंतु साध्या शिपायांकडून मिळणारी ब्रास शील्डसुद्धा शस्त्राचा शारीरिक मार पूर्ण अडवते. मार अडवताना जाते ती स्टॅमिना. म्हणून मी सुरुवातीच्या लेव्हल व्हिगर (जीव) आणि एन्ड्युरन्स (दम) या गुणांमध्ये घातल्या, उजव्या हातात भाला घेतला, आणि खेळाचा वेगच माझ्यापुरता बदलून गेला. भाल्याची सोय अशी की ढाल वर असतानाच तो भोसकता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गार्ड काउंटर. या कंपनीच्या आधीच्या सोल्स खेळांत तो नव्हता. शत्रूचा वार ढालीवर बसला की लगेच जोराच्या वाराचे बटण दाबायचे. पात्र ढालीआडून एक दणका देते आणि शत्रूचा तोल बराच ढळतो. असे काही दणके बसले की तो गुडघ्यावर येतो आणि मग निर्णायक वार करता येतो. यात वेळ साधावी लागते, परंतु ती वेळ शत्रू स्वतः ढालीवर आवाज करून सांगतो. डोळ्यांपेक्षा कानांनी खेळता येणारा हा प्रकार मला फार मानवला.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ढाल वर धरून ठेवली तर स्टॅमिना सावकाश भरते. दोन वारांच्या मध्ये ती खाली घ्यायची सवय लागली पाहिजे. बहुतेक नवे ढालवाले भीतीपोटी ती खाली घेतच नाहीत, मग त्यांची पट्टी संपते, ढाल फेकली जाते आणि ते म्हणतात की ढाल निरुपयोगी आहे.


साडेसाती

वारणाकाठ ताईंच्या व्हिगरच्या उल्लेखाला आकड्यांची जोड देतो. व्हिगर 10 असताना पात्राचा जीव 414 असतो, 40 ला तो 1450 होतो आणि 60 ला 1900. त्यानंतर मात्र 99 पर्यंत नेऊनही जेमतेम 2100 होतो. म्हणजे 40 पर्यंत जाणाऱ्याला साडेतीनपट आयुष्य मिळते. जादू शिकायच्या हौसेने सगळ्या लेव्हल बुद्धीत घालून 'एका फटक्यात मरतो' अशी तक्रार करणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती वाटत नाही.


जुना_खेळगडी

सर्वांची मते वाचली. माझा आक्षेप मुळावरच आहे. डिसेंबर 1998 मध्ये आलेला 'बाल्डर्स गेट' ज्यांनी मनापासून खेळला आहे, त्यांना घड्याळ चालू ठेवणे आणि विचाराला वाव देणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे ठाऊक आहे. लढाई धावत्या वेळेतच चालायची, परंतु स्पेसबार दाबला की सगळे थांबायचे. सहा जणांना सहा वेगवेगळ्या आज्ञा द्यायच्या, पुन्हा स्पेसबार दाबायचा आणि काय होते ते पाहायचे. आत फाशांचे नियम सहा सेकंदांच्या फेऱ्यांत चालू असायचे. योद्ध्याने वार कसा करायचा हे योद्ध्याला माहीत होते; मी फक्त कुणावर करायचा ते सांगायचो. याला मी भूमिका वठवणे म्हणतो. माझा जादूगार माझ्यापेक्षा हुशार असू शकत होता आणि माझा चोर माझ्यापेक्षा चपळ असू शकत होता.

'एल्डन रिंग'मध्ये माझे पात्र माझ्यापेक्षा चपळ कधीच होऊ शकत नाही. त्याच्या डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) आकडा 80 झाला तरी रोल मारायचा तो मीच, माझ्या साठीतल्या बोटांनी. वाटसरू म्हणतात तसा चुकीबद्दलचा दंड कमी होतो, हे खरे. परंतु चूक माझीच राहते. आणि जिथे घराची बेल वाजली म्हणून खेळ थांबवताही येत नाही, तिथे विचाराला वाव आहे असे म्हणणे मला धारिष्ट्याचे वाटते.


घाटमाथा

खेळगडी काका, बेल वाजल्यावर थांबवण्याची एक आडवाट आहे. एकटे खेळत असताना सामानाची यादी उघडावी, तिथून मदतीच्या बटणावर जाऊन 'मेनू एक्स्प्लनेशन' निवडावे. ती माहितीची चौकट पडद्यावर असेपर्यंत समोरचा बॉस हवेत उडी मारलेल्या अवस्थेतही गोठून राहतो. खेळाच्या कर्त्यांनी याला थांबवण्याची सोय असे कधी म्हटले नाही, परंतु दार उघडून पार्सल घेण्याइतका वेळ नक्की मिळतो.


दख्खनी_वाटसरू

काकांचा आक्षेप या धाग्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, म्हणून त्याला बगल देणार नाही. पात्र आपल्यापेक्षा चपळ होऊ शकत नाही हे मान्य. परंतु थांबवता येणाऱ्या लढाईची दुसरी बाजूही पाहावी. 'पिलर्स ऑफ इटर्निटी 2' हा 2018 चा खेळ नेमका आपण वर्णन केलेल्या पद्धतीचा होता, आणि त्याच्या कर्त्यांना जानेवारी 2019 मध्ये त्यात पाळीपाळीने खेळण्याची वेगळी पद्धत घालावी लागली. 'बाल्डर्स गेट 3' तर 2023 मध्ये पूर्णपणे पाळीचा होऊनच आला. दर दोन सेकंदांनी थांबवायचेच असेल तर घड्याळ चालू कशाला ठेवायचे, असे खेळणाऱ्यांपैकीच अनेकांना वाटू लागले होते.

'एल्डन रिंग'मध्ये विचार करायला वेळ मिळतो, फक्त तो लढाईच्या आत मिळत नाही. मेल्यानंतर मिळतो, आणि बॉसच्या जवळच पुन्हा उभे राहण्याची सोय असल्यामुळे भरपूर मिळतो. कोणता वार कुठल्या बाजूने आला, आपण औषधाची बाटली तोंडाला लावली तेव्हाच त्याने खंजीर फेकला का, आपली शेवटची उरलेली स्टॅमिना वारात गेली का पळण्यात, याचा निवाडा करूनच पुढचा डाव मांडायचा असतो. आपण स्पेसबार दाबून जे करत होता, तेच इथे दोन मरणांच्या मध्ये करायचे.


अनाहूत

तयारीचे गोडवे चालू आहेत, तर मलेनियाबद्दलही बोलावे लागेल. हॅलिगट्रीच्या तळाशी असलेली ही बॉस वगळूनही खेळ पूर्ण करता येतो, परंतु तिच्याशिवाय ही चर्चा पूर्ण होणार नाही. तिचा प्रत्येक वार लागला की तिचा स्वतःचा जीव भरतो, आणि तो वार तुम्ही ढालीवर झेलला तरीही भरतो. म्हणजे वारणाकाठ ताईंनी कष्टाने उभी केलेली सगळी तटबंदी इथे शत्रूलाच रसद पुरवते. व्हिगर 60 असल्याचाही पुरेसा उपयोग होत नाही, कारण ती हवेत झेपावून क्षणभर थांबते आणि मग जो वारांचा पाऊस पाडते, त्यात मधोमध सापडलेला माणूस सहसा वाचत नाही. ती झेपावताच पाठ फिरवून दूर पळणे, किंवा अगदी जवळ असाल तर तिच्याभोवती फिरत नेमक्या क्षणी रोल मारणे, एवढेच हाती उरते.

2022 मध्ये 'लेट मी सोलो हर' या टोपणनावाचा एक खेळाडू जगभर गाजला तो याच लढाईमुळे. डोक्यावर मडके, अंगावर जवळजवळ काही नाही आणि हातांत दोन कटाना अशा अवतारात तो अनोळखी लोकांच्या हाकेला धावून जायचा आणि त्यांच्या वतीने मलेनियाशी एकटा लढायचा. प्रकाशक बांदाई नामकोने त्याला खरी तलवार भेट पाठवली. चिलखताशिवाय उभ्या असलेल्या त्या माणसाची तयारी कोणती? त्याची बोटेच ना?

तेव्हा माझे मत असे की वाटसरूंचे म्हणणे खेळाच्या बऱ्याच मोठ्या भागाला लागू पडते, परंतु शेवटी एक दार असे आहे की जिथे हिशेब बाहेर ठेवूनच आत जावे लागते.


वारणाकाठ

अनाहूत, मलेनियासमोर ढाल उलटते हे बरोबर, परंतु हिशेब बाहेर ठेवावा लागतो हे मला मान्य नाही. तिचा तोल तिच्या दर्जाच्या बॉसच्या मानाने फार लवकर ढळतो. जड शस्त्राचा एक दणका बसला तरी तिचा चालू वार अनेकदा मध्येच तुटतो. रक्तस्राव आणि हिमबाधा दोन्ही तिला लागू पडतात. मी भाला ठेवून मोठा हातोडा घेतला आणि तिला वार सुरू करू द्यायचा नाही, एवढेच ठरवले. मिमिक टिअर हा आपल्याच रूपाचा आत्मा सोबतीला घेतला; त्याला बोलावताना मंत्रशक्तीऐवजी आपलाच जीव खर्च होतो आणि त्याला बसलेल्या वारांतूनही मलेनियाचा जीव भरतो, हे गृहीत धरूनच तो सौदा केला. आत्मे बोलावणे म्हणजे लबाडी, असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारते की खेळाने सुरुवातीलाच हातात दिलेली घंटा वाजवायची नसेल तर ती दिली कशासाठी?


तांत्रिक_बिघाड

चर्चा हात आणि डोके यांच्यात अडकली आहे. यंत्राचाही वाटा लक्षात घ्यावा. रोलमध्ये मार न लागण्याचा काळ अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी असतो. संगणकावर खेळताना चित्र पाव सेकंद अडखळले, तर त्यातला निम्मा काळ तुमच्या नकळत निघून जातो. खेळ आला तेव्हा संगणकावरच्या आवृत्तीत ही अडखळण सर्वत्र होती आणि कंपनीने ती जाहीरपणे मान्यही केली होती. पुढे पॅच (दुरुस्त्या) येत गेले तशी ती कमी झाली, परंतु संपूर्ण गेली असे म्हणता येणार नाही. किमान 12 जीबी रॅम आणि जीटीएक्स 1060 च्या तोडीचे कार्ड अशी अधिकृत अपेक्षा आहे. आपल्याकडे अनेक जण याहून कमी ताकदीच्या लॅपटॉपवर खेळतात आणि मग स्वतःच्या बोटांना दोष देत बसतात. खेळ सेकंदाला 60 चित्रांच्या वर जातच नाही, म्हणून चित्राची गुणवत्ता खाली आणून ती 60 स्थिर ठेवणे हेच शहाणपणाचे. गवताची आणि सावल्यांची गुणवत्ता आधी उतरवावी.

ऑनलाइन मदतीला येणाऱ्यांचेही तसेच आहे. इथे खेळाडू थेट एकमेकांच्या यंत्रांशी जोडले जातात. समोरचा दूरच्या देशातला असेल तर तुमच्या पडद्यावर तुम्ही वार चुकवलेला असतो आणि त्याच्या पडद्यावर तो तुम्हाला लागलेला असतो. परक्या खेळाडूंशी लढून स्वतःची गती जोखू नये, हे त्यासाठीच सांगतो.


साडेसाती

21 जून 2024 रोजी आलेल्या 'शॅडो ऑफ द एर्डट्री' या विस्तारभागातही हाच वाद पेटला होता, त्याची आठवण करून देतो. तिथे लेव्हल 150 घेऊन गेलेले भलेभले पहिल्या तासात आडवे झाले, कारण त्या प्रदेशात नेहमीच्या लेव्हलपेक्षा स्काडूट्रीचे तुकडे महत्त्वाचे ठरतात. एकूण 50 तुकडे जगभर विखुरलेले आहेत आणि ते जमा करून आशीर्वाद 20 पर्यंत चढवता येतो. त्याने आपला मार वाढतो आणि लागणारा मार कमी होतो. लोकांनी तुकडे न शोधताच बॉस गाठले आणि खेळ अन्यायकारक असल्याची ओरड केली. काही दिवसांतच पॅच आला आणि आशीर्वादाच्या पहिल्या टप्प्यांचा परिणाम वाढवण्यात आला. बोटे तीच, बॉस तेच, फक्त आकडे बदलले, आणि तक्रारी बऱ्याच निवळल्या. दख्खनी_वाटसरू यांच्या बाजूने यापेक्षा ठळक पुरावा मला तरी माहीत नाही.


जुना_खेळगडी

साडेसाती यांच्या माहितीमुळे माझे मत पालटले असे नाही, परंतु कुतूहल चाळवले आहे हे नाकारणार नाही. खेळ मुलाने विकत घेतलेला घरात पडूनच आहे. सुरुवातीला बाहेर पडताच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसतो, त्याने मला तिथेच लोळवले आणि मी बंद केले. वारणाकाठ ताई, माझ्यासारख्याने तिथून पुढे नेमके कुठे जावे?


वारणाकाठ

काका, त्या घोडेस्वाराला लांबून नमस्कार करून पुढे चालू लागा. त्याला तिथे ठेवले आहे तेच 'आता नको' हे सांगण्यासाठी. सुरुवातीचा वर्ग व्हॅगाबाँड घ्या, त्याच्याकडे ढाल आणि चिलखत पहिल्यापासून असते. एलेच्या पडक्या चर्चवरून गेटफ्रंटपर्यंत जाऊन विसाव्याला बसा, तिथे मेलिना भेटेल आणि टॉरंट हा घोडा देईल. घोडा मिळाला की पुन्हा एलेच्या चर्चमध्ये डोकवा. तिथे बसलेली रेन्ना आत्म्यांना बोलावण्याची घंटा आणि तीन लांडगे देते. तिथून किल्ल्याकडे न जाता दक्षिणेचा पूल ओलांडून वीपिंग पेनिन्सुलात उतरा. त्या भागातल्या तीन चर्चमध्ये प्रत्येकी एक सेक्रेड टिअर मिळतो आणि औषधाच्या बाटलीचा गुण प्रत्येक वेळी वाढतो. अगदी शेवटच्या टोकाला कॅसल मॉर्न आहे. तिथल्या सिंहासारख्या बॉसला हरवले की एक प्रचंड मोठी तलवार मिळते, परंतु तिला स्ट्रेंग्थ (ताकद) 40 लागते, म्हणून ती पेटीत ठेवा आणि तोवर सगळ्या लेव्हल व्हिगरमध्येच घाला.